सैलपिळी

सवत असती तर बरं झालं असतं, असं हल्ली तिला रोज वाटायचं. सवतीच्या झिंज्या उपटता येतात, चार बायकांत तिचा उद्धार करता येतो, नवरा दारात आला की तोंड वाजवता येतं. पण तिचा नवरा पळवला होता सडकेच्या वळणावरच्या म्हाताऱ्या पंक्चरवाल्यानं, आणि त्याच्या डोक्यावर उपटायला एक केस नव्हता. शिवाय पळवून नेऊन त्यानं केलं काय, तर दारू सोडवली. आता याबद्दल भांडायचं कुणाशी, आणि कुठल्या तोंडानं?

घरात माणसं तीन. ती, नवरा आणि गुडघ्यांनी अधू झालेली सासू. धंदा दोर वळायचा. घरामागं लांबलचक अंगण, एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला लाकडी खुंट. ती चाक फिरवायची. नवरा घायपाताच्या पातीचे तंतू, म्हणजे वाख, कमरेला गुंडाळून, चाकाकडं तोंड करून, उलट्या पावलांनी मागं मागं जायचा आणि जाता जाता बोटांतून वाख सोडत सूत ओढायचा. पाठ खुंटाला टेकली की सूत आकड्याला अडकवायचा, 'हो' म्हणून ओरडायचा, मग ती चाक थांबवायची. दिवसभर नवराबायको एकाच सुताच्या दोन टोकांना. बोलायचं म्हटलं तर ओरडावं लागायचं. पण तिला बोलायची गरज पडायची नाही, चाकाच्या मुठीतूनच सगळं कळायचं. सूत जाडंबारीक यायला लागलं, मूठ हिसके द्यायला लागली, की समजायचं, स्वारी सकाळीच टाकून आलीय.

आता मूठ एकसारखी फिरायची. सूत असं यायचं की सासरा जिवंत असता तर त्यानं मिशीवर हात फिरवला असता. आणि तेच तिला सोसत नव्हतं.

गुरुवारची ती बैठक शोधून काढली होती तिनंच. हे कुणाच्या लक्षात नव्हतं, म्हणून सांगायला पाहिजे. दवाखान्यातल्या नर्सबाईनं कानात सांगितलं होतं, पिठाच्या गिरणीमागं एक खोली आहे, तिथं पिणारी माणसं जमतात आणि पीत नाहीत. तिला हे ऐकून हसूच आलं होतं. तरी ती गेली. गिरणीवाल्यानं विचारलं, "काय वहिनी, दळण कुठाय?" ती म्हणाली, "नवरा आणलाय." तो म्हणाला, "मग मागच्या दारानं जा, तो इथं बारीक नाही व्हायचा." रांगेतल्या बायका हसल्या. ती त्या हसण्यातून नवऱ्याचा दंड धरून गेली. एकदा नाही, कितीतरी गुरुवार. तो आत बसायचा, ही बाहेर पोत्यांवर. अंगभर पीठ घेऊन घरी यायची.

मग एके दिवशी बैठकीतला सगळ्यांत जुना, पंक्चरवाला, बाहेर आला. बोटांना काळं ग्रीस, डोळे मात्र धुतल्यासारखे. म्हणाला, "वहिनी, आता त्याला एकट्याला येऊ द्या. धरून आणलेला माणूस हात सुटला की खाली बसतो. तुमच्यासारख्या घरच्या माणसांचीही एक बैठक असते, मंगळवारी. तिकडं या हवं तर."

"मी कशाला येऊ?" ती म्हणाली. "मी काय प्यायले का?"

नवरा त्यानंतर एकटा जाऊ लागला, आणि गेला तो गेलाच.

म्हणजे घरातून नाही गेला. घरातच होता, वेळेवर उठत होता, ताट धुऊन ठेवत होता. "जेवण चांगलं झालंय," म्हणायचा. तिला वाटायचं ताट उचलून भिंतीवर मारावं. पाहुणा म्हणतो तसं म्हणायचा मेला. पिऊन यायचा तेव्हा घाण यायचा, शिव्या देत यायचा, पण शेवटी तिच्या मांडीवर डोकं टाकून रडायचा. "माझी वाघीण गं," म्हणायचा. "तू नसतीस तर मी गटारात मेलो असतो." आणि खरंच मेला असता. किती वेळा तिनं त्याला गटारातून ओढून काढलाय, आंघोळ घातलीय, तोंडात चमच्यानं पाणी सोडलंय. आख्खं गाव म्हणायचं, ही आहे म्हणून तो आहे. आता गाव म्हणतं, पंक्चरवाला देवमाणूस आहे हो. तिनं वर्षानुवर्षं राबून उभी केलेली पत, त्यानं गुरुवारच्या चहावर नेली.

तिला स्वतःची लाजही वाटायची. कुठली बाई नवरा सुधारला म्हणून जळते? पण जळत होती, खोटं कशाला बोला.

यंदा पाऊस लांबला आणि वाखानं ओल धरली. आठवडाभर सूत काढताच आलं नाही. मग कोरडा वारा सुटला आणि त्याच सुमाराला विहिरी उपसणाऱ्यांचा मुकादम दारात आला. लंगडत आला. तो लंगडा कसा झाला हे गावाला पाठ होतं. काही वर्षांपूर्वी याच घरच्या दोराला धरून तो विहिरीत उतरत होता. मधेच दोराचा पीळ सुटला, पेड विस्कटले आणि तो खालच्या खडकावर कंबरेवर पडला. चार माणसं जाब विचारायला आली तेव्हा नवरा पिऊन आत पडलेला. ती पुढं झाली आणि म्हणाली, "चाक मी फिरवलं. माझा हात सैल पडला." झालं. त्या दिवसापासून तिचं नाव सैलपिळी. पोरं मागून ओरडायची, गिऱ्हाइकं पुढून विचारायची, दोर कुणी वळलाय म्हणून. तिनं ते नाव मुकाट्यानं वागवलं. नवऱ्याला काही आठवत नसणार असं ती धरून चालली होती. प्यायलेल्या माणसाला कशाचं काय. आपण त्याच्यासाठी काय गिळलं हे एक तिचं तिलाच माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात एक सुखही होतं.

मुकादम अंगणातल्या बाजेवर दुखरा पाय पसरून बसला. "हंगामाला दोर पाहिजेत," तो नवऱ्याला म्हणाला. "तू सुधारलास असं ऐकतो, म्हणून आलो. पण एक सांगतो. चाकावर दुसरं माणूस बसव."

ती तिथंच उभी होती, चाकाच्या मुठीवर हात ठेवून.

नवऱ्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. खाली पाहत पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. "बघतो," म्हणाला.

"बघू नको, बसव. मला दुसरी कंबर नाही."

मुकादम गेला. ती म्हणाली, "बसवा मग दुसरं माणूस. पंक्चरवाला चाकांतलाच आहे, त्याला बोलवा."

"त्याला मधे आणू नको," नवरा म्हणाला, आणि वाख झटकायला लागला. त्याला मधे आणू नको म्हणे. जसं काही तो मधे नव्हताच.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. वारा असा चांगला की सूत हातात वाळत होतं, आणि ऊन उतरणीला लागताच यानं कमरेचा वाख सोडून ठेवला, हातपाय धुतले, केस विंचरले. केस विंचरलेले बघून तिचा तिळपापड झाला.

"काम अर्धं पडलंय," ती म्हणाली.

"एवढं जाऊन येतो."

"एक गुरुवार चुकला तर काय जीव जातो?"

त्यानं खरोखर विचार केल्यासारखं केलं. "जाऊ शकतो," म्हणाला, आणि गेला.

शुक्रवारी सकाळी शिंपीण आली, कपडे वाळत घालायला दोरी मागायला. ही त्याच बैठकीतली. एके काळी शिलाई यंत्राच्या खणात बाटली ठेवणारी बाई, आता स्वच्छ धुतलेली, गालात हसणारी. बैठकीत बाई आहे हे कळलं तेव्हा तिनं हिच्यावरूनही रान उठवून पाहिलं होतं, पण त्यात काही दम नव्हता. नवरा नेमका तेव्हा वाख भिजवायला ओढ्यावर गेला होता.

शिंपिणीनं दोरी ताणून पाहिली. मग तिचा हातच धरला. "अक्का, हे बाहेर बोलायचं नसतं, पण तुम्ही काय परक्या थोड्याच. काल ते बोलले. विहिरीच्या दोराचं. त्या दिवशी सूत यांनीच बिघडवलं होतं, हात थरथरत होते, मधे वाखच घातला नाही. आणि तुम्ही अंगावर घेतलंत. आतून सगळं ऐकत होते म्हणे ते, जागे होते. आम्ही सगळे रडलो. पंक्चरवाले दादा तर उठून त्यांना मिठी मारून उभे राहिले."

"जागे होते?" तिनं विचारलं.

"हो ना. हे इतकी वर्षं पोटात घेऊन—"

"दोरी घे आणि जा," ती म्हणाली. शिंपिणीचं तोंड एवढंसं झालं. ती गेली.

चाकाच्या खांबाला धरून ती उभी राहिली. जागा होता. तिला सैलपिळी म्हणून हाका मारणारी पोरं त्यानं ऐकली. परवा मुकादम बोलला तेही ऐकलं, आणि माती उकरत बसला. आणि जे तिला सांगायला हवं होतं ते तिथं सांगितलं. तिथं रडला, तिथं मिठी. माफी तिची होती. ती त्यानं गिरणीमागं बसून वाटून टाकली, आणि तिच्या वाट्याला काय, तर जेवण चांगलं झालंय.

दुपारी ती गुत्त्यावर गेली. आजवर तिथं गेली होती ती नवऱ्याला बाहेर ओढायला. गुत्तेवाला गडबडला. "वहिनी, त्यानं सोडली असं ऐकलं."

"बाटली दे," ती म्हणाली. "पाहुणे आलेत."

पाहुणे कुठले नव्हते हे त्यालाही कळत होतं. त्यानं कागदात गुंडाळून दिली.

तिला त्याला मारायचं नव्हतं, बुडवायचंही नव्हतं. त्यानं एकदा, फक्त एकदा, तिच्या मांडीवर डोकं ठेवून तेच सांगावं जे तिकडं सांगितलं. शुद्धीत सांगत नाही तर बेशुद्धीत सांग, बाबा. एवढंच तिच्या डोक्यात होतं, आणि ते तिला अगदी रास्त वाटत होतं.

शनिवारी सकाळी तो कमरेला वाख गुंडाळत होता तेवढ्यात तिनं जाऊन बाटली खुंटाच्या माथ्यावर ठेवली, आकड्याच्या अगदी शेजारी. बूच काढून ठेवली. मग येऊन चाकावर बसली.

तो उलट्या पावलांनी निघाला. तोंड तिच्याकडं, पाठ बाटलीकडं. ती चाक फिरवत राहिली. सूत सुरेख येत होतं. दर पावलाला तो लहान होत होता आणि त्याच्या खांद्यामागं ती काच उन्हात चमकत होती. अंगण अर्धं संपलं तेव्हा तिच्या मनात आलं, थांबावं. चाक थांबवलं असतं तर त्यानं विचारलं असतं, काय झालं म्हणून. आणि मग काय सांगणार होती? हात फिरतच राहिला.

त्याची पाठ खुंटाला टेकली. सूत अडकवायला तो वळला.

'हो' आलं नाही.

सूत तिच्या मुठीत थरथरायला लागलं. जुनी ओळखीची थरथर, आणि त्याच्या ओठाला अजून थेंब लागलेला नव्हता. तो तसाच उभा होता, दोन्ही हातांत सुताचं टोक धरून, तोंड बाटलीपासून वीतभर. वास त्याच्या नाकात जात असणार. तिचा हात मंदावला.

"थांबवू नको," तो ओरडला.

"काय?"

"चाक थांबवू नको. माझे हात मोकळे होतील."

तेव्हा तिला कळलं आपण काय केलंय. सूत सोडलं तर उसवून वाया जातं, म्हणून तो ते सोडत नव्हता. जन्माची सवय होती हातांना. तेवढ्यावरच तो उभा होता. ती चाक सोडून धावली असती तर सूत ढिलं पडलं असतं. आणि फिरवत राहिली तर पीळ जास्त होऊन ते तुटणार, हेही तिला मुठीत कळत होतं. सुताला ठिकठिकाणी गाठी चढायला लागल्या होत्या.

कुंपणापलीकडून दूधवाला सायकलवर चालला होता. तिनं त्याला हाक मारली. त्याला काय सांगावं हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि ते तोंडातून काढताना जिभेला कात्री लागल्यासारखं झालं.

"पंक्चरवाल्याला पाठव. म्हणावं, असशील तसा ये."

दूधवाला गेला. तिनं आणखी काही फेरे दिले आणि सूत तुटलं. चाक एकदम हलकं झालं. ती उठून धावली. धावताना पाहत होती, त्याचे हात मोकळे आहेत, आता जातील, आता जातील. तो खाली बसला. तुटलेलं टोक मनगटाला गुंडाळत बसला, गुंडाळून संपलं की सोडून पुन्हा गुंडाळायचा.

तिनं बाटली उचलली आणि दगडावर आपटायला हात वर केला.

"फोडू नको," तो म्हणाला. "वास सुटेल."

"मग लांब नेऊन ओतते."

"जाऊ नको."

म्हणून ती बाटली पाठीमागं धरून, बुचाच्या जागी अंगठा दाबून उभी राहिली. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"म्हणजे शिंपीण बोलली," तो म्हणाला.

"मला का नाही सांगितलंत?"

"तिथं सांगणं सोपं आहे. त्यांचं मी काही बुडवलेलं नाही. तुला सांगायचं, तर पुढं काय? सांगून झाल्यावर मी तुझ्याकडं बघू कसा?"

"नाही सांगितलंत तरी कुठं बघता?"

तो पुन्हा टोक गुंडाळायला लागला.

पंक्चरवाला आला तो हातात टायर काढायचा पाना तसाच घेऊन. त्यानं नवऱ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. नवऱ्यानं काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मी ठेवली. त्यानं हात लावलेला नाही."

तो ओरडेल असं तिला वाटलं. ओरडला असता तर तिला आवडलं असतं. त्यानं बाटली घेतली, कुंपणापलीकडं दूर जाऊन ओतली, हात मातीनं चोळून आला.

"माझ्या बायकोनं उशीखाली ठेवली होती," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. प्यायलो. ती पोटभर बोलली माझ्याशी, बिचारी फार खूश होती. दुसऱ्या दिवशी मला त्यातलं एक अक्षर आठवेना." तो नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चल. जरा माझ्याकडं बस. दोघांतिघांना बोलावतो."

खांद्यावरचा तो काळा हात पाहून तिला पुन्हा तीच कळ आली. एवढं सगळं होऊनही आलीच.

"नंतर न्या," ती म्हणाली. "आधी मुकादमाकडं. दोर कुणी बिघडवला ते त्याला सांगायचं."

पंक्चरवाला म्हणाला, "वहिनी, ते आमच्यातही आहेच, ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारी जायचं. पण त्याला वेळ असते. माणूस घट्ट झाला की—"

"मला घट्ट व्हायला कुणी वेळ दिला होता?"

नवरा उठला. "जाऊ या," म्हणाला.

तिघं निघाले. पंक्चरवाल्यानं सायकल हातात धरली आणि नवऱ्याच्या बाजूनं चालायला लागला, तशी ती मधे घुसली. साऱ्या वाटेनं ती दोघांच्या मधून चालली.

मुकादम ओट्यावर बसून कंबरेला गरम फडक्यानं शेक देत होता. नवरा त्याच्यासमोर उभा राहिला आणि या वेळी त्यानं माती उकरली नाही.

"तुझा दोर मी बिघडवला. मी प्यायलेलो होतो, मधे वाख घातला नाही. हिचा काही दोष नव्हता."

मुकादमाचा हात फडक्यावर थांबला. मग नवऱ्याला सोडून त्यानं तिलाच विचारलं, "तू खोटं का बोललीस?"

"तेव्हा हा माझा होता, म्हणून."

मुकादम हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "तुझा होता? अगं, दवाखान्यात हा माझ्या उशाशी येऊन बसला होता. काय म्हणाला माहितेय? म्हणाला, काय करणार बाबा, बाईच्या हातचं काम. सैलपिळी हे नाव गावानं नाही ठेवलं. यानं ठेवलं, माझ्या खाटेवर बसून."

ती नवऱ्याकडं वळली.

"खरं?"

"खरं," तो म्हणाला.

इतकी वर्षं पोरं मागून ओरडत होती ते नाव यानं तोंडानं घडवलेलं. हात उचलावा आणि सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत द्यावी, असं वाटलं. तिनं पंक्चरवाल्याकडं पाहिलं. तो सायकल धरून खुळ्यासारखा उभा होता, तोंड उघडं पडलेलं.

"हे बैठकीत सांगितलंत?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"नाही."

"यांना तरी?"

"नाही. कुणालाच नाही. आत्ता पहिल्यांदा."

तिला राग यायला हवा होता आणि तो आलाही, असा की पुढं कित्येक दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही. पण त्या रागाच्या तळाशी, तिची तिलाच लाज वाटावी असं, काहीतरी निवलं. एवढं घाण, एवढं कुजलेलं, आणि ते पंक्चरवाल्याला माहीत नव्हतं. ते पहिल्यांदा तिला मिळालं होतं.

"चला घरी," ती म्हणाली. "तुटलेलं सूत तसंच पडलंय."

नवरा तिच्यामागं निघाला. पंक्चरवाला ओट्याजवळच उभा राहिला आणि मुकादमानं त्याला बस म्हटलं.